खाडीच्या चिखलात कोण राहतं?

खाडीकाठ

फ्लेमिंगोंवर इथे दर हिवाळ्यात धागे निघतात, फोटोही सुंदर येतात. तिवरांवर तर पुष्कळच चर्चा झाली आहे. पण हे पक्षी ज्या चिखलात उभे असतात त्याबद्दल कुणी सविस्तर लिहिलेलं मला इथे सापडलं नाही, म्हणून हा धागा काढतेय. उदाहरण ठाणे खाडीचं घेते, कारण माझा वावर तिथे आहे. कोकणातल्या आणि गोव्यातल्या मंडळींनी आपापल्या खाडीची भर घालावी.

आधी थोडी ओळख. ठाणे खाडी साधारण २६ किलोमीटर लांब. दक्षिणेला मुंबई बंदराकडे तोंड, उत्तरेला एका अरुंद फाट्याने उल्हास नदीशी नातं. २०१५ साली खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरचा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळाला. मुंबईला उधाणाची भरती साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते. तेवढंच पाणी ओहोटीला उतरतं तेव्हा दोन्ही काठांनी चिखलाचे विस्तीर्ण सपाट पट्टे उघडे पडतात. मी बोलतेय ते या पट्ट्यांबद्दल. तिवरांच्या बुंध्यातला चिखल वेगळा आणि हा त्यांच्या पुढचा, उघडा, दिवसातून दोनदा पाण्याखाली जाणारा चिखल वेगळा.

पाणी उतरल्यावर थोडा वेळ काठावर थांबून बघा. सुरुवातीला चिखल करडा असतो. ऊन लागलं की हळूहळू त्यावर सोनेरी-तपकिरी झाक चढते. हे डायटम. एकपेशीय शेवाळ म्हणा, सिलिकाच्या कवचातलं. पाणी गेलं की ते चिखलाच्या कणांमधून सरकत वर येतात, उन्हात अन्न तयार करतात आणि भरती यायच्या आधी पुन्हा खाली उतरतात. सरकताना ते बुळबुळीत चिकट द्रव सोडतात आणि त्या द्रवाने चिखलाचे कण एकमेकांना धरून राहतात. म्हणजे भरतीच्या धारेत हा चिखल वाहून जात नाही याचं थोडं श्रेय या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांकडे जातं.

आता बोटभर खाली जाऊ. वरचे काही मिलिमीटर तपकिरी असतात, तिथवर ऑक्सिजन पोचतो. त्याखाली चिखल एकदम काळा. तिथले जिवाणू ऑक्सिजनशिवाय जगतात, समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतं. सडक्या अंड्यांचा जो वास येतो तो याचा. खाडीवरून जाताना आपण नाकाला रुमाल लावून "गटार झालंय" म्हणतो. सांडपाण्याचा वास असतोच, ते नाकारत नाही. पण अगदी निरोगी खाडीच्या चिखलालाही हा वास असतो.

त्या काळ्या थरात जगायचं तर हवा वरून आणावी लागते. पॉलिकीट नावाचे समुद्री किडे, म्हणजे गांडुळाचे नातलग, पण प्रत्येक वळ्याच्या दोन्ही बाजूंना राठ केसांचे झुबके असलेले, चिखलात बिळं करतात आणि शरीर हलवत बिळातून पाणी खेळतं ठेवतात. चिखलाचं ढेकूळ अलगद मोडलं तर काळ्या थरात गंजाच्या रंगाच्या उभ्या रेघा दिसतात. किड्याच्या बिळातून ऑक्सिजन जिथे खाली पोचला, तिथल्या लोहाला गंज चढलेला असतो. मला स्वतःला या सगळ्या पसाऱ्यातली ही सर्वात विलक्षण गोष्ट वाटते.

आणि खेकडे! फिडलर खेकड्याच्या नराची एक नांगी त्याच्या अंगाएवढी मोठी आणि दुसरी चिमुकली. मोठी नांगी मादीला इशारे करायला आणि दुसऱ्या नराला हुसकायला. खायला तिचा उपयोग शून्य. चिमुकल्या नांगीने तो चिखल उचलून तोंडात घालतो, तोंडातल्या चमच्यासारख्या केसांनी पाण्याच्या मदतीने त्यातलं शेवाळ वेगळं करतो आणि उरलेल्या मातीची साबुदाण्याएवढी गोळी करून खाली ठेवतो. मादीला दोन्ही नांग्या खायला मोकळ्या, नराला एकच. बिळाभोवती पसरलेल्या गोळ्या बघून तो कुठवर चरून आला ते कळतं. भरती आली की बहुतेक खेकडे बिळात शिरून तोंड चिखलाने लिंपून घेतात.

हे सगळं लिहिण्यामागचं खरं कारण शेवटी सांगते. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत, २०११ च्याही आणि २०१९ च्याही, चिखलपट्ट्यांना सर्वोच्च दर्जाचं संरक्षण आहे. पण सरसकट नाही. "जैविकदृष्ट्या सक्रिय" असलेल्या चिखलपट्ट्यांना. म्हणजे चिखल जिवंत आहे हे कुणीतरी दाखवून द्यायला हवं. पक्षी मोजले जातात, तिवरं उपग्रहातून मोजली जातात. चिखलातले किडे मोजायला किती जण जातात? जिथे कुणी मोजलंच नाही तो चिखल कागदावर पडीक जागा ठरायला वेळ लागत नाही.

रानवेडा

खूप छान लिहिलंय. डायटम वर-खाली करतात हे माहीत नव्हतं.

एक प्रश्न : फ्लेमिंगो हे किडे खातात का? आणि त्यांची संख्या लाखाच्या घरात गेली म्हणजे खाडी सुधारली असं समजायचं का?

खाडीकाठ

@रानवेडा, आपल्याकडे दोन जाती येतात. धाकटा रोहित (रोहित म्हणजे फ्लेमिंगोच) मुख्यतः शेवाळावर आणि नील-हरित जिवाणूंवर जगतो. त्याच्या चोचीतली गाळणी फार बारीक. मोठ्या रोहितची गाळणी त्या मानाने जाड, त्यामुळे त्याच्या खाण्यात कोळंबीसारखे छोटे जीव, गोगलगायी, किडे, अळ्या येतात. मोठा रोहित एका जागी पाय आपटत गोल फिरताना दिसतो ते चिखल ढवळून हे जीव वर काढण्यासाठी. ठाणे खाडीत धाकट्यांची संख्या जास्त.

त्यावरूनच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस येतं, त्यावर शेवाळ फोफावतं आणि धाकट्या रोहितला भरपूर खायला मिळतं. त्यामुळे फ्लेमिंगो वाढले म्हणून खाडी स्वच्छ झाली असं म्हणता येत नाही. उलट तुतारी, कुरव, पाणटिवळा यांच्यासारखे चोच खुपसून किडे-शिंपले खाणारे पक्षी किती आहेत हे बघायला हवं. त्यांच्याकडे कॅमेरे फारसे वळत नाहीत, कारण सगळे करडे-तपकिरी. पण चिखलाच्या तब्येतीबद्दल ते जास्त सांगतात.

गंधाली

वाचतेय. फोटो असतील तर टाका ना, विशेषतः त्या गंजलेल्या रेघांचे.

दर्यावर्दी

मी रायगडचा, खाडीकाठच्या गावातला. आमच्याकडे ओहोटीला चिखलात उतरणं बायकांचं काम. आई, मावश्या, शेजारच्या काकू अशा चार-पाच जणी मिळून जायच्या, टोपली आणि कोयता घेऊन. तिसऱ्या काढायच्या तर नजर लागते. शिंपली चिखलाखाली असते, वर फक्त दोन बारीक भोकं दिसतात, कधी एकाला एक चिकटलेली. एका नळीने ती पाणी आत घेते, दुसरीने बाहेर टाकते. पाऊल जवळ पडलं की नळ्या आत ओढल्या जातात आणि भोकातून पाण्याची चिळकांडी उडते. आई म्हणायची, पळत गेलीस तर काही मिळणार नाही, दबकत चाल. (हे माझ्या बहिणीला.)

आणल्यावर रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायच्या, म्हणजे पोटातली रेती ओकून टाकतात. मग आंबट घालून सुकं.

आता आमच्या भागात पूर्वीइतक्या मिळत नाहीत. वरच्या अंगाला भराव पडला, त्यानंतर गाळ वाढला आणि चिखल पातळ झाला. पूर्वी पाय घोट्यापर्यंत जायचा तिथे आता गुडघ्यापर्यंत रुततो. शिंपलीला थोडी रेती मिसळलेला घट्ट चिखल लागतो, निव्वळ गाळात ती गुदमरते. हे मला कुणी शिकवलेलं नाही, आमच्या बायका सांगतात.

सूक्ष्म

@दर्यावर्दी दादा, तुमच्याकडच्या बायका बरोबर सांगतायत. शिंपल्या पाणी गाळून खातात. पाण्यात गाळ फार झाला की कल्ले भरून जातात.

मी प्राणिशास्त्रात एमएस्सी केलंय, प्रबंध याच विषयावर होता. "मोजायचं" म्हणजे काय करायचं ते लिहिते, कारण खाडीकाठ ताईंच्या शेवटच्या मुद्द्याशी त्याचा थेट संबंध आहे.

ठरावीक व्यासाचा पाइप चिखलात दाबून उभा नमुना काढायचा. तो अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीवर घेऊन खाडीच्याच पाण्याने हळूहळू धुवायचा. घाई केली तर किडे तुटतात आणि मग डोकं एकाचं, शेपूट दुसऱ्याचं अशी मोजणीत गल्लत होते. जाळीवर उरतं ते फॉर्मेलिनमध्ये ठेवायचं, त्यात रोझ बेंगाल नावाचा रंग घालायचा. मृत पानं-काड्या फिकट राहतात आणि प्राणी गडद गुलाबी होतात, म्हणजे निवडायला सोपं. मग सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने एकेक वेगळा करायचा. एका नमुन्याला सबंध दिवस सहज जातो.

जाळीवर राहतात ते मोठे : पॉलिकीट, छोट्या शिंपल्या, गोगलगायी, खेकड्यांची पिल्लं, ॲम्फिपॉड (कोळंबीसारखे चिमुकले जीव). जाळीतून जातात त्यांचं जग आणखी मोठं. सूत्रकृमीच घ्या, एक चौरस मीटर चिखलात दहा लाखांच्या घरात असणं ही काही अपवादात्मक गोष्ट नाही.

नुसती संख्या बघून मात्र फसायला होतं. कॅपिटेला नावाचा एक बारीक लाल किडा आहे. सेंद्रिय घाण वाढली, ऑक्सिजन कमी झाला की बाकीचे निघून जातात किंवा मरतात आणि हा प्रचंड वाढतो. जगभर तो प्रदूषणाचा दर्शक मानला जातो. नमुन्यात किडे भरपूर पण सगळे एकाच जातीचे, असं दिसलं की काळजी करावी. त्याउलट किडे बेताचे, पण जाती पुष्कळ, त्यात काही दीर्घायुषी शिंपल्या आणि खोल बिळं करणारे मोठे किडे, असा चिखल चांगला.

प्रॅक्टिकल माणूस

सगळं वाचलं, माहिती उत्तम. पण एक बाजू मांडतो. हा उघडा चिखल असाच ठेवण्यापेक्षा त्यावर तिवरं लावली तर काय वाईट? लाटांपासून संरक्षण, कार्बन साठवण, माशांची पैदास, सगळंच साधेल. आमच्या कंपनीतर्फे दरवर्षी वृक्षारोपण असतं, खाडीकाठी जागाही दिसते. किड्यांसाठी एवढी जागा रिकामी ठेवायची हे सामान्य माणसाला पटवणं अवघड आहे.

तिवर

@प्रॅक्टिकल माणूस, प्रश्न मोलाचा आहे आणि तो प्रामाणिकपणे विचारलात म्हणून सविस्तर लिहितो. मी रोपवाटिकेत काम केलेला माणूस आहे, तिवरांवर माझं प्रेम आहे हे माझ्या नावावरून कळेलच.

पहिली गोष्ट, तिवराला ठरावीक उंची लागते. साधारणपणे समुद्राच्या सरासरी पातळीच्या वरच्या भागात ती नैसर्गिकरीत्या उगवतात, जिथे पाणी येतं पण दिवसातले पुष्कळ तास मुळं उघडी राहतात. उघडा चिखलपट्टा त्याच्या खाली असतो. तिथे रोप लावलं तर ते जास्त वेळ बुडतं, लाटा हलवतात, कालवांचे आणि बार्नॅकलचे थर बसतात आणि ते मरतं. फिलिपिन्समध्ये कित्येक वर्षं सरकारी पैशाने आणि स्वयंसेवकांच्या कष्टाने चिखलपट्ट्यांवर मोठ्या प्रमाणात लागवड झाली आणि बहुतेक रोपं गेली, कारण जागाच चुकीची होती. दिसायला मोकळी आणि कुणाच्या मालकीची नाही, म्हणून ती निवडली गेली.

दुसरी गोष्ट, रोपं जगली तरी नुकसान आहे. परदेशातून हजारो किलोमीटर उडून येणारे तुतारी-कुरवांसारखे पक्षी झाडीत चरत नाहीत. त्यांना चारी बाजूंनी मोकळी नजर लागते, ससाणा लांबून दिसायला हवा. चिखलावर सावली आली की डायटमचं ऊन जातं आणि मुळांच्या जाळ्यात चिखलातली वस्ती बदलते. ठाणे खाडीत गाळ साचून काठ उथळ होतोय आणि तिवरं आपणहून पुढे सरकतायत. म्हणजे चिखलपट्टा दोन्हीकडून आक्रसतोय. त्यात आपण हाताने भर कशाला घालायची?

लावायचीच असतील तर पूर्वी जिथे तिवरं होती आणि तोडली गेली किंवा बांध घालून जिथे भरतीचं पाणी अडवलं, तिथे जावं. बऱ्याचदा बांध मोकळा करून पाणी आत घेतलं की बी वाहून येतं आणि लागवडीची गरजच उरत नाही. यात फलक लावून फोटो काढण्यासारखं काही नसतं, पण काम होतं.

कायद्यातही फरक आहे. एक हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाला ५० मीटरचं राखीव अंतर मिळतं, शिवाय २००५ आणि २०१८ चे मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश पाठीशी आहेत. चिखलपट्ट्याला असं राखीव अंतर नाही.

रानवेडा

+१. कंपन्यांच्या वृक्षारोपणवाल्यांनी हा प्रतिसाद वाचायलाच हवा.

उत्तरसमुद्र

मी नेदरलँड्सच्या उत्तरेला राहतो. इथे वाडन समुद्राचा किनारा आहे, जगातला सलग चिखल-वाळूपट्ट्यांचा सगळ्यात मोठा प्रदेश. नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्क अशा तीन देशांत पसरलेला. २००९ मध्ये जागतिक वारसा झाला, डेन्मार्कचा भाग २०१४ मध्ये जोडला गेला. इथे लोक ओहोटीला वाटाड्याबरोबर चिखलातून चालत बेटांवर जातात. शाळेच्या सहलीत मुलांना चिखलात उभं करून वाटाड्या फावड्याने एक खड्डा काढतो आणि लगवर्म दाखवतो. जाडजूड, काळपट किडा, बाजूंना लाल कल्ले. तो रेती गिळतो, त्यातलं अन्न घेतो आणि उरलेल्या रेतीची वेटोळी बिळाच्या तोंडाशी ढकलतो. नजर जाईल तिथवर त्या वेटोळ्यांच्या ढिगाऱ्या. माझ्या मुलीला वाघ-सिंहांच्या आधी लगवर्म माहीत झाला.

नॉट नावाचा एक छोटा पक्षी इथे येतो. तो शिंपली न बघता, न स्पर्शता शोधतो. चोच ओल्या वाळूत खुपसली की कणांमधल्या पाण्यावर दाब येतो, आसपास कडक वस्तू असेल तर दाबाचा आकार बदलतो आणि चोचीच्या टोकाला तो कळतो. हे वाचल्यापासून मी त्या पक्ष्याकडे वेगळ्या नजरेने बघतो.

प्रॅक्टिकल माणूस यांना एवढंच सांगेन की इथे त्या "रिकाम्या" जागेवर झाड लावायचा विचारही कुणी करत नाही, आणि तिच्यावर पर्यटन व मासेमारी दोन्ही चालतं.

झुआरीकाठ

गोव्याची भर. मुरगाव तालुक्यात चिखली गाव आहे, झुआरीच्या मुखाजवळ. तिथल्या उथळ चिखलाच्या तळावर एक खास शिंपला राहतो, प्लाकुना. ताटलीसारखा चपटा आणि इतका पातळ की आरपार उजेड येतो. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी लाकडी चौकटीत चौकोनी शिंपल्या बसवलेल्या दिसतात ना, त्या याच. आत मऊ दुधी उजेड येतो. वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, पण त्याच्या राहत्या चिखलावर धक्के-बंदरांच्या योजना येत राहतात आणि स्थानिक लोक त्याविरुद्ध उभे राहिले आहेत. खिडक्यांचं जतन करायला सगळे तयार असतात. चिखलाचं जतन केल्याशिवाय खिडकी दुरुस्त करायला शिंपली येणार कुठून?

प्रॅक्टिकल माणूस

@तिवर, सविस्तर उत्तराबद्दल आभार. जागेच्या उंचीचा मुद्दा पटला, आमच्या टीमला पाठवतो. बांध मोकळा करण्याची कल्पना त्यांना आवडेल असं वाटतं.

पण विकासाचं काय? अटल सेतू शिवडीच्या चिखलावरूनच गेलाय. जानेवारी २०२४ पासून वापरात आहे. फ्लेमिंगो तर दिसतातच. मग पूल आणि चिखल एकत्र नांदू शकतात असंच ना?

खाडीकाठ

पूल खांबांवर असतो, भरती-ओहोटी खालून चालू राहते. खांबांच्या जागचा चिखल जातो, बांधकामाच्या काळात त्रास होतो, प्रवाह थोडा बदलून गाळ वेगळीकडे बसतो. पण पाणी अडत नाही. भराव आणि बांध यांचं तसं नाही. दक्षिण कोरियात सेमांगुम इथे सुमारे ३३ किलोमीटर लांबीची समुद्रभिंत २००६ मध्ये सलग जोडली गेली आणि तिच्यामागच्या सुमारे ४०० चौरस किलोमीटर मुखप्रदेशातली नैसर्गिक भरती-ओहोटी थांबली. चिखल सुकला, शिंपल्या उघड्यावर मेल्या, त्यावर पोट असलेली मच्छीमार कुटुंबं उघडी पडली आणि सायबेरिया ते ऑस्ट्रेलिया प्रवासात तिथे थांबणाऱ्या मोठ्या नॉट पक्ष्यांची संख्या कोसळली.

उपग्रहाच्या चित्रांवरून २०१९ मध्ये जगभरातल्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यांचा नकाशा तयार झाला. एकूण साधारण १ लाख २८ हजार चौरस किलोमीटर. ज्या भागांची नीट माहिती मिळाली, तिथे १९८४ ते २०१६ या काळात सुमारे १६ टक्के पट्टे नाहीसे झालेले दिसले. ज्या आठ देशांत यातला जवळजवळ निम्मा हिस्सा आहे, त्यात भारत आहे. म्हणून मी पुलापेक्षा भरावाची जास्त काळजी करते. आणि प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालात पक्ष्यांची यादी असते, तिवरांचं क्षेत्रफळ असतं, पण चिखलातल्या प्राण्यांच्या प्रकरणात बरेचदा दोन परिच्छेद. जनसुनावणीला जाणाऱ्यांनी ते प्रकरण आधी उघडावं. नमुने किती ठिकाणी घेतले, कोणत्या ऋतूत, जाळी किती मिलिमीटरची होती, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

सूक्ष्म

आणि पावसाळ्यानंतरचा एकच नमुना असेल तर नक्की विचारा. पावसात गोड्या पाण्याचा लोंढा येऊन खाडीची क्षारता एकदम उतरते, पुष्कळ जीव मरतात, मग हिवाळ्यात वस्ती पुन्हा भरते. निदान तीन ऋतूंचे नमुने हवेत.

गंधाली

मला प्रत्यक्ष बघायचंय. चिखलात उतरायचं धाडस नाही. कधी आणि कुठे जावं?

दर्यावर्दी

गंधाली ताई, उतरू नकाच. ओळखीच्या माणसाशिवाय खाडीच्या चिखलात पाय टाकू नये, रुतलं तर निघणं कठीण आणि भरती थांबत नाही.

वेळ काढायची आमची रीत सांगतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. द्वितीया असेल तर दीड वाजता, चतुर्थी असेल तर तीन. तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येनंतर दोन-तीन दिवस उधाण जोरात असतं, चिखल लांबवर उघडा पडतो आणि ओहोटी सकाळी आठच्या आसपास येते. बघायला हीच वेळ धरा. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं, तेव्हा जाऊन उपयोग नाही. खाडीच्या आतल्या टोकाला वेळ थोडी उशिरा धरावी, आणि भरतीचं छापील कोष्टक एकदा बघून घ्यावं.

खाडीकाठ

जागा म्हणाल तर ऐरोलीला कांदळवन कक्षाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथे लाकडी पायवाटेवरून खेकडे आणि निवट्या (चिखलावर सरपटणारे मासे) अगदी पायाखाली दिसतात. गडद रंगाचे कपडे घाला, कठड्याशी गेल्यावर हलू नका. तुमची सावली पडली की सगळे खेकडे बिळात जातील, थोडा वेळ स्थिर राहिलात की एकेक बाहेर येईल. जवळचं स्पष्ट दाखवणारी दुर्बीण असेल तर आणा, तिने गोळ्या करतानाचं तोंड दिसतं.

येत्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी मी जाणार आहे. @गंधाली, @रानवेडा, यायचं असेल तर विपू (विचारपूशीत निरोप) करा.

रानवेडा

मी नक्की. सोबत पुतण्याला आणतो, नऊ वर्षांचा आहे, चालेल ना?

खाडीकाठ

चालेल म्हणजे काय, आणाच. वेळ कोष्टक बघून शुक्रवारी इथेच कळवते.